बिशप आजारी पडले तर धर्मप्रांत कोण चालवतं?

कोल्हापुरातल्या पॅरिश कौन्सिलच्या (धर्मग्रामाच्या सल्लागार समितीच्या) एका तरुण सदस्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: २०२५ च्या सुरुवातीला पोप फ्रान्सिस ३८ दिवस रुग्णालयात होते, तरी रोमचा कारभार थांबला नाही. उद्या एखाद्या धर्मप्रांताचे बिशप दीर्घकाळ अंथरुणाला खिळले तर निर्णय कोण घेणार? व्हिकर जनरल, म्हणजे कारभारात बिशपना मदत करणारे मुख्य धर्मगुरू, आपोआप त्यांच्या जागी येतात का? चेकवर सही कुणाची? मुलांचं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा कन्फर्मेशनचा संस्कार) लांबणीवर पडतं का? आजारी बिशपांना राजीनामा द्यावाच लागतो का? आणि शेवटी, बिशपांच्या आजाराबद्दल सामान्य लोकांना किती सांगावं?

उत्तराआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे कोणत्याही विद्यमान बिशपांच्या प्रकृतीवरचं भाष्य नाही. प्रश्न काल्पनिक आहे आणि तो तसाच ठेवू. मी व्यवसायाने वकील. चर्चच्या आणि मिशन शाळांच्या ट्रस्टची कामं धर्मादाय कार्यालयात नेण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि त्या निमित्ताने धर्मप्रांतांच्या आर्थिक समित्यांच्या बैठकांनाही बसलो. तेव्हा धर्मशास्त्राची बाजू आणि सरकारी कागदांची बाजू, दोन्ही सांगतो. खरी अडचण या दोन्हींच्या मधल्या फटीत असते.

कोल्हापूरच्या वाचकांसाठी आणखी एक. आपल्याकडे अमेरिकन मिशनचं काम १८५२ पासूनचं, त्यामुळे ‘बिशप’ म्हटलं की शहरात पुष्कळांना सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चचे) बिशप आठवतात. त्यांची घटना वेगळी, निवड वेगळी, निवृत्ती वेगळी. मी फक्त कॅथलिक व्यवस्थेबद्दल बोलतो आहे. कॅथलिकांच्या हिशेबात कोल्हापूर पूर्वी पुणे धर्मप्रांतात होतं. २००५ साली सिंधुदुर्ग हा नवा धर्मप्रांत झाला आणि आपण त्यात गेलो. तो धर्मप्रांत गोवा-दमणच्या आर्चबिशपांच्या प्रांतात मोडतो. हा भूगोल पुढे कामाला येईल.

आता मुद्द्याचं. बिशप आजारी पडले म्हणून कायद्याने काहीच बदलत नाही. शस्त्रक्रिया झाली, डायलिसिस सुरू झालं, कर्करोगाची केमो चालू आहे, चाकाच्या खुर्चीवर आहेत, तरी बिशप ते बिशपच. सही त्यांची, शब्द त्यांचा, मिस्सा या उपासनेच्या मुख्य प्रार्थनेत नावही त्यांचंच. १९८३ च्या धर्मसंहितेत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या ग्रंथात, बिशप ‘कारभार करू शकत नाहीत’ असं ज्या स्थितीला म्हटलं आहे, ती फार टोकाची आहे. कलम ४१२ म्हणतं की कैद, हद्दपारी, परागंदा होणं किंवा असमर्थता यामुळे बिशप आपल्या लोकांशी पत्रानेसुद्धा संपर्क साधू शकत नसतील, तरच त्यांचं आसन, म्हणजे बिशपपद, ‘अडथळ्यात’ आहे असं मानायचं. ‘पत्रानेसुद्धा’ या शब्दांवर लक्ष ठेवा.

हे कलम वाचताना विसाव्या शतकातले तुरुंग डोळ्यांसमोर आणावेत. शांघायचे बिशप कुंग पिन-मे यांना १९५५ साली अटक झाली आणि ते तीस वर्षं बंदिवासात होते. हंगेरीचे कार्डिनल मिंडसेंटी १९४८ मध्ये पकडले गेले. कायदा करणाऱ्यांसमोर अशी माणसं होती. मधुमेहाने पाय गेलेले किंवा पार्किन्सन्सने हात थरथरणारे बिशप त्यांच्या मनात फारसे नसावेत. म्हणून त्या कलमात आजार ‘असमर्थता’ या एका शब्दात उरकला आहे. ती कोण ठरवणार, किती डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागणार, किती दिवस वाट पाहायची, यातलं काहीही संहितेत नाही.

म्हणजे बिशप ठणठणीत आहेत, तेव्हा कायदा स्पष्ट आहे. बिशप वारले किंवा पोपनी राजीनामा स्वीकारला, तेव्हा तर तो फारच स्पष्ट आहे, अगदी दिवस मोजून दिलेले आहेत. कोमात गेले, तरी रस्ता आखलेला आहे. कायदा मुका होतो तो मधल्या टप्प्यात. बिशप बरे नाहीत, पण सही करू शकतात. सकाळी तल्लख असतात, दुपारनंतर गोंधळतात. सचिव विचारतो, ते मान डोलावतात. पक्षाघातानंतर सगळं समजतं, पण बोलता येत नाही. धर्मप्रांतांची खरी पडझड होते ती या टप्प्यात, आणि ती महिनोन्‌महिने चालू शकते.

आधी टोकाची स्थिती पाहू, कारण तिथे नियम आहेत. बिशप खरोखरच संपर्काच्या पलीकडे गेले तर कलम ४१३ लागू होतं. कोअॅड्ज्युटर बिशप, म्हणजे वारसाहक्कासह नेमलेले सहबिशप असतील, तर कारभार त्यांच्याकडे. नसतील तर एका यादीकडे वळायचं. ही यादी प्रत्येक बिशपने पदभार घेतल्यावर शक्य तितक्या लवकर करायची असते. आपण अडथळ्यात सापडलो तर आधी कोण, तो नसेल तर कोण, अशी क्रमवार नावं. त्यात सहायक बिशप, व्हिकर जनरल, एपिस्कोपल व्हिकर किंवा दुसरा कुणी धर्मगुरू असू शकतो. यादी मेट्रोपॉलिटन, म्हणजे प्रांताच्या प्रमुख आर्चबिशपांना कळवायची (आपल्या बाबतीत गोव्याला), किमान तीन वर्षांनी नवी करायची आणि चॅन्सेलरने, म्हणजे धर्मप्रांताचं दप्तर सांभाळणाऱ्याने, ती गुप्त ठेवायची. कोअॅड्ज्युटरही नाही आणि यादीही नाही, तर कन्सल्टर्सचं मंडळ, म्हणजे सहा ते बारा धर्मगुरूंचं सल्लागार मंडळ, एका धर्मगुरूची निवड करतं. ज्याने कारभार हाती घेतला त्याने तातडीने रोमला कळवायचं. मग रोमला वाटलं तर बिशप हयात असतानाच वरून प्रशासक नेमता येतो.

तर व्हिकर जनरल ‘आपोआप’ बिशपच्या जागी येतात का? नाही. यादीत त्यांचं नाव पहिलं असेल तर येतात, आणि बहुतेक वेळा ते पहिलं असतंही. पण हा हक्क यादीचा आहे, पदाचा नाही. उलट जागा पूर्ण रिकामी झाली, म्हणजे बिशप वारले किंवा बदलून गेले, की व्हिकर जनरलचं पदच संपतं. ते स्वतः सहायक बिशप असतील तर गोष्ट वेगळी. हे अनेकांना पटत नाही. ‘काल सगळं तेच बघत होते, आज कसे नाहीत?’ असं विचारतात. कायद्याचं म्हणणं असं की त्यांचे अधिकार बिशपच्या अधिकारातून आलेले होते, मूळच गेलं तर ते कुठून राहणार?

बिशप हयात आणि शुद्धीवर असतानाही व्हिकर जनरलच्या अधिकाराला कुंपण आहे. रोजचा कारभार ते करू शकतात. पण संहितेने ‘धर्मप्रांताचा बिशप’ असं नाव घेऊन जे अधिकार दिले आहेत, ते त्यांना विशेष अधिकारपत्राशिवाय वापरता येत नाहीत. धर्मग्रामाला नवा प्रमुख धर्मगुरू नेमणं हे त्यातलंच. आजारी बिशपांच्या धर्मप्रांतात बदल्या अडकतात त्या इथेच. मे महिन्यात बदल्यांचं बघायचं, बिशप रुग्णालयात, व्हिकर जनरलकडे अधिकारपत्र नाही. मग कुणीतरी यादी टाइप करून रुग्णालयात नेतं, बिशप त्यावर सही करतात आणि धर्मगुरूंमध्ये कुजबूज सुरू होते की ही यादी नक्की कुणाची. शंका खरी असो वा खोटी, नुकसान झालेलं असतं. हे टाळायला एक पान पुरतं. आजार बळावण्याआधी बिशपनी व्हिकर जनरलना लेखी विशेष अधिकार द्यावेत, कशासाठी आणि किती काळ ते लिहावं, आणि त्याची प्रत चॅन्सेलरकडे ठेवावी.

दृढीकरणाचं उत्तर सोपं आहे. थांबत नाही. दृढीकरणाचा नेहमीचा सेवक बिशप असला तरी ते धर्मगुरूला त्यासाठी अधिकार देऊ शकतात. पवित्र आठवड्यात क्रिझम तेलाचं (संस्कारांत वापरायच्या तेलाचं) पवित्रीकरण मात्र बिशपनेच करावं लागतं. धर्मगुरूला तो अधिकार नाही. म्हणून शेजारच्या धर्मप्रांताच्या बिशपना बोलावतात. नव्या धर्मगुरूंची दीक्षाही बाहेरचे बिशप देऊ शकतात, फक्त त्यासाठी उमेदवाराच्या बिशपचं दीक्षापत्र लागतं. धर्मग्रामांच्या भेटीचंही तसंच. पाच वर्षांत निदान एकदा सगळा धर्मप्रांत फिरून व्हावा असं कलम ३९६ म्हणतं, पण बिशपना जमत नसेल तर व्हिकर जनरल किंवा दुसऱ्या धर्मगुरूला पाठवण्याची मुभा तिथेच दिली आहे. आपल्या भागात हे फार व्यावहारिक आहे. सिंधुदुर्गात बिशपांचा कारभार जिथून चालतो त्या ओरोसहून कोल्हापूरला यायचं म्हणजे फोंडा घाट चढा आणि राधानगरीमार्गे या, नाहीतर सावंतवाडी, आंबोली, आजरा, गडहिंग्लज असा वळसा. पावसाळ्यात घाटात कधी दरड येईल सांगता येत नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर असलेल्या कुणालाही हा रस्ता झेपणार नाही. आजरा-गडहिंग्लजकडच्या वाडीतल्या लोकांना बिशप स्वतः यावेत असं वाटणं समजू शकतो, पण त्यासाठी कुणाच्या जिवाशी खेळू नये.

आता माझ्या धंद्याचा भाग. इथे थोडं रेंगाळतो, कारण यावर कुणी बोलत नाही.

धर्मसंहिता सांगते की अमुक दिवसापासून कारभार अमुक धर्मगुरूकडे. बँकेचा मॅनेजर धर्मसंहिता वाचत नाही. तो बँकेतलं सहीचं कार्ड आणि ट्रस्टचा ठराव बघतो. आपल्याकडे चर्चच्या मालमत्ता साधारणपणे सार्वजनिक न्यासाच्या नावे असतात. १९५० चा जो मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा होता, त्यालाच आता महाराष्ट्राचं नाव आहे, आणि नोंदी तिथे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. विश्वस्त बदलला तर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला कार्यालयात सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. पण आजारी विश्वस्त हा ‘बदललेला’ विश्वस्त नसतो. तो मेलेला नाही, त्याने राजीनामा दिलेला नाही, मग कोणता बदल नोंदवायचा? कारकून अर्ज हातात घेऊन विचारतो, ‘मयताचा दाखला कुठाय?’ नसेल तर अर्ज टेबलावरच राहतो.

यावर इलाज न्यासपत्रातच करून ठेवावा लागतो. बिशप पदसिद्ध अध्यक्ष असतील तर न्यासपत्रात असं वाक्य हवं की ‘बिशप, किंवा धर्मसंहितेनुसार त्या वेळी धर्मप्रांताचा कारभार पाहणारी व्यक्ती’. या एवढ्या शब्दांनी पुढचे कित्येक महिने वाचतात. ज्या न्यासपत्रात फक्त ‘बिशप’ आहे तिथे प्रशासक आले की बँक, धर्मादाय कार्यालय आणि शिक्षण विभाग तिघेही वेगवेगळे कागद मागतात. दुरुस्ती बिशप ठणठणीत असतानाच करावी. आजारपणात केली तर लोक म्हणतात, कुणीतरी डाव साधला.

पुष्कळ जण कुलमुखत्यारपत्राचा मार्ग सुचवतात. ‘बिशपनी व्हिकर जनरलच्या नावे पॉवर ऑफ अॅटर्नी दिली की झालं.’ नाही झालं. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणारा मृत झाला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी तो कागद करून ठेवला, नेमक्या त्याच दिवशी तो निरुपयोगी होतो. शिवाय विश्वस्ताने आपली विवेकबुद्धी वापरून घ्यायचे निर्णय असे दुसऱ्याच्या हाती सोपवणं मुळातच धोक्याचं. परदेशातल्या काही कायद्यांत क्षमता गेल्यावरही टिकणारी मुखत्यारी आहे, आपल्याकडे तशी सोय नाही. बेशुद्धावस्थेतल्या व्यक्तीसाठी पालक नेमायला उच्च न्यायालयात जावं लागतं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाल्याने निदान मुंबईची फेरी वाचली आहे. पण तो मार्ग बिशपांच्या वैयक्तिक बाबींसाठी. ट्रस्टसाठी नाही.

थरथरत्या हाताचंही सांगतो. पार्किन्सन्समध्ये अक्षर बारीक होत जातं, सही आखडते. बँक चेक परत करते, ‘सही जुळत नाही’. वैयक्तिक खात्यासाठी आजारी ग्राहकाचा अंगठा घेण्याची सोय रिझर्व्ह बँकेने केलेली आहे. दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. पण एखाद्या धर्मप्रांताचा कारभार बिशपच्या अंगठ्यावर चालवणं कुणालाच शोभत नाही. चेकवर सह्या करणाऱ्यांची संख्या तीन ठेवून त्यातल्या कोणत्याही दोन चालतील असा ठराव केला, तर हा प्रश्न उगवतच नाही. परदेशी देणगीच्या खात्यासाठी जास्त काळजी घ्यावी. २०२० च्या दुरुस्तीनंतर ते खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच असावं लागतं, प्रमुख पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक दिलेले असतात, आणि पदाधिकारी बदलले की गृह मंत्रालयाला कळवावं लागतं. तिथली चूक नोंदणीवर बेतते.

शाळांबद्दल घबराट करू नका. अनुदानित शाळेचे पगार शालार्थ प्रणालीतून मुख्याध्यापकांच्या मार्फत जातात. बिशप आजारी आहेत म्हणून शिक्षकांचा पगार अडत नाही. शिवाय धर्मभगिनींच्या संघांच्या शाळा बहुतेक त्यांच्या स्वतःच्या संस्थांच्या नावे असतात. तिथे बिशपची सही लागतच नाही. अडू शकतात त्या धर्मप्रांताच्या स्वतःच्या शाळांमधल्या नेमणुका, आणि तिथेही वरचा न्यासपत्राचाच उपाय.

जमिनीचं मात्र सावध राहून बघा. बिशप खाटेवर आहेत ही बातमी दलालांना धर्मगुरूंच्या आधी कळते. ‘बोलणी झालेलीच होती, फक्त सही राहिली’ असं सांगत माणसं येतात. यावर दोन्हीकडचे कायदे कडक आहेत. धर्मसंहितेत मोठ्या मालमत्तेच्या विक्रीला आर्थिक समिती आणि कन्सल्टर्सचं मंडळ या दोघांची संमती लागते, ठरावीक रकमेपुढे रोमचीही. महाराष्ट्राच्या कायद्यात कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी. विक्रीलाच नव्हे, बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायलाही. आणि आसन रिकामं असताना किंवा अडथळ्यात असताना काही नवं करायचं नाही, हा धर्मसंहितेचा जुना दंडक आहे (कलम ४२८). प्रशासकाने घर सांभाळायचं, भिंती पाडायच्या नाहीत. माझा सल्ला याहून एक पाऊल पुढचा आहे: बिशप मधल्या टप्प्यात असतील, म्हणजे कायद्याने आसन अडथळ्यात नसलं तरी प्रकृती डळमळीत असेल, तेव्हाही जमिनीचा एकही व्यवहार करू नये. नंतर त्या सहीवर दावा लागला तर ‘त्या दिवशी शुद्धीवर होते’ हे सिद्ध करणं आमच्यासारख्यांच्या नशिबी येतं.

आता एक नाजूक गोष्ट. बिशप अविवाहित. बायको नाही, मुलं नाहीत. मध्यरात्री अतिदक्षता विभागात डॉक्टर विचारतात, ‘नातेवाईक कोण?’ एका बाजूला पुतण्या उभा, दुसऱ्या बाजूला व्हिकर जनरल. व्हेंटिलेटर लावायचा की नाही यावर दोघांचं एकमत नाही. असे प्रसंग येतात. यासाठी बिशपनी आपला वैद्यकीय इच्छालेख करून ठेवावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर, दोन साक्षीदारांच्या उपस्थितीत तो करता येतो आणि आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावं त्यात देता येतात. काही कॅथलिक मंडळी दचकतात, हे दयामरण तर नव्हे? नव्हे. निष्फळ आणि अतिरेकी उपचार नाकारणं चर्चला मान्य आहे, बाराव्या पायस यांनी १९५७ मध्येच ते सांगितलं होतं. जीव घेणं मान्य नाही.

राजीनाम्याबद्दल. पंचाहत्तरी झाली की बिशपनी पोपना राजीनामा सादर करावा अशी विनंती कलम ४०१ करतं; ही प्रथा १९६६ पासूनची. आजारामुळे काम पेलत नसेल तर वय कितीही असो, ‘आग्रहाची विनंती’ आहे. दोन्ही ठिकाणी विनंतीच, सक्ती नाही, आणि राजीनामा पोपनी स्वीकारेपर्यंत बिशप पदावर असतात. म्हणून पंचाहत्तरीनंतरही काही जण बराच काळ राहतात. मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस डिसेंबर २०१९ मध्ये पंचाहत्तर वर्षांचे झाले, त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला जानेवारी २०२५ मध्ये. पुण्याचे बिशप थॉमस डाबरे ऑक्टोबर २०२० मध्ये पंचाहत्तर झाले आणि मार्च २०२३ मध्ये निवृत्त. यात आजाराचा संबंध नव्हता. रोम आपल्या गतीने चालतं, एवढंच. पण मुंबईचं उदाहरण आणखी एका कारणाने शिकण्यासारखं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुण्याचे बिशप जॉन रॉड्रिग्ज यांना तिथे कोअॅड्ज्युटर नेमलं, आणि राजीनामा स्वीकारल्याच्या क्षणी ते आर्चबिशप झाले. एक दिवसाचीही पोकळी नाही. आजारी बिशपांच्या धर्मप्रांतातही मला हाच मार्ग सर्वांत चांगला वाटतो. बिशपचा मान राहतो, वारस डोळ्यांसमोर काम शिकतो, आणि गटबाजीला वेळ मिळत नाही. अर्थात मुंबईची सोय झाली तेव्हा पुण्याची जागा रिकामी झाली, हा त्यातला खर्च.

राजीनामा म्हणजे हार, असं आपल्याकडे अजून मानतात. पोप बेनेडिक्ट यांनी ११ फेब्रुवारी २०१३ रोजी शरीराची आणि मनाची ताकद उरली नाही असं सांगून पद सोडत असल्याचं जाहीर केलं, त्यानंतर तरी हा संकोच जायला हवा होता. पोप फ्रान्सिस यांनी निवडून आल्यावर लगेच, वैद्यकीय अडथळा आला तर वापरायचं म्हणून, सही केलेलं राजीनामापत्र देऊन ठेवलं होतं. हे त्यांनी २०२२ मध्ये स्वतःच सांगितलं. माझ्या मते बिशपनीही असा विचार करावा. सेवानिवृत्त बिशपना वाऱ्यावर सोडत नाहीत. त्यांना त्याच धर्मप्रांतात राहता येतं आणि त्यांच्या निर्वाहाची जबाबदारी प्रथम त्यांनी सेवा केलेल्या धर्मप्रांतावर असते.

बिशप वारलेच तर आठ दिवसांच्या आत कन्सल्टर्सचं मंडळ प्रशासक निवडतं. तो किमान ३५ वर्षांचा धर्मगुरू असावा लागतो. त्या मुदतीत निवड झाली नाही तर मेट्रोपॉलिटन नेमणूक करतात. आपल्या बाबतीत तो निर्णय गोव्यातून होईल. कन्सल्टर्सहून वेगळं असलेलं धर्मगुरूंचं मंडळ (प्रेस्बिटरल कौन्सिल) त्या काळात विसर्जित असतं, आर्थिक समिती मात्र चालू राहते. प्रशासक आणि आर्थिक अधिकारी एकच माणूस असू शकत नाही. आर्थिक अधिकारीच प्रशासक झाला तर समिती त्याच्या जागी तात्पुरता दुसरा निवडते.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की सामान्य लोकांना किती सांगावं. रुग्णाची गोपनीयता बिशपलाही आहे. रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर फिरवण्याची गरज नाही. पण संपूर्ण मौन त्याहून वाईट. पोप फ्रान्सिस रुग्णालयात असताना व्हॅटिकनकडून रोज प्रकृतीची माहिती येत होती. त्यात दुहेरी न्यूमोनिया हे शब्द होते, वाईट बातम्याही होत्या, आणि त्याच दिवसांत नव्या बिशपांच्या नेमणुकाही जाहीर होत होत्या. लोकांना दोन गोष्टी कळाव्या लागतात: बिशप कसे आहेत, आणि सध्या कुणाला भेटायचं. दुसरी गोष्ट सांगणं तर अगदी बंधनकारक मानावं. मिस्सानंतर दोन ओळी वाचून दाखवल्या तरी भागतं. त्या वाचल्या नाहीत तर त्या जागी पार्किंगमधल्या गप्पा येतात, आणि कोल्हापूरच्या पार्किंगमधली गप्पा ओरोसला पोहोचेपर्यंत कुणाचं तरी श्राद्ध घालून झालेलं असतं.

पॅरिश कौन्सिलचे सदस्य म्हणून तुम्हाला काय करता येईल? बिशपची गुप्त यादी बघायला मागू नका, तो तुमचा विषय नाही. पण पुढच्या बैठकीत तीन गोष्टी खुशाल विचारा. धर्मग्रामाची मालमत्ता कोणत्या न्यासाच्या नावे आहे आणि न्यासपत्रात बिशपच्या अनुपस्थितीचं कलम आहे का? बँकेत सह्या करणारे कोण, आणि त्यांपैकी सगळे हयात आहेत का? (हसू नका, हा प्रश्न मी दर वेळी विचारतो आणि दर वेळी टेबलाभोवती थोडी चुळबुळ होते.) आणि धर्मप्रांताच्या आर्थिक समितीत आपल्या बाजूचा कुणी प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेला सदस्य, आहे का? अर्थकारण आणि दिवाणी कायदा जाणणारे निदान तीन सदस्य समितीत असावेत, असं कलम ४९२ सांगतं, आणि ते धर्मगुरूच असावेत अशी अट नाही. कोल्हापुरात सनदी लेखापालांना आणि वकिलांना तोटा नाही. एखादं चांगलं नाव सुचवा. ते मात्र बिशप बरे असताना सुचवा.